चुलीची सुटी

माळव्यात होळीनंतरच्या सप्तमीला शीतलामातेची पूजा होते आणि त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारच्या हिंदी भाषिक घरांत ही तिथी चैत्रातली, आम्हां इंदूरच्या मराठी मंडळींच्या पंचांगात ती फाल्गुन वद्यातली. महिन्याच्या नावाविषयी मतभेद असला तरी ताटात पडते ते आदल्या दिवशीचे गार अन्नच.

येथे एक शंका उद्भवते. शिळे व रस गेलेले अन्न तामसांना प्रिय असते, असे गीतेचा सतरावा अध्याय सांगतो. मग तेच अन्न देवीपुढे कसे चालते? नियम आणि अपवाद यांचे भांडण आम्हां वकिलांच्या रोजच्या परिचयाचे. अशा वेळी अपवाद कोणाच्या हितासाठी ठेविला आहे, हे पाहावे लागते. शीतला ही देवीच्या रोगाची अधिष्ठात्री, तिला गारवा प्रिय, म्हणून विस्तव नको, हे परंपरेचे उत्तर. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या रोगाचे निर्मूलन जाहीर केले. रोग गेला, व्रत उरले, आणि ते उरले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु चुलीला मिळालेला विसावा चुलीपाशी उभी राहणारीला मिळतो काय? षष्ठीला ती दोन दिवसांचे रांधते. सप्तमीची सुटी तिने आगाऊ श्रम भरून विकत घेतलेली असते.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी नकळत हिंसा घडण्याची पाच स्थाने सांगितली आहेत, आणि त्यांत पहिली चूल आहे. विस्तवात सापडणाऱ्या क्षुद्र जीवांचाही हिशेब ठेवणारी ही दृष्टी थोर खरीच. मात्र वैशाखात, बाहेर पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना, त्याच विस्तवासमोर तासन् तास पोळ्या लाटणाऱ्या माणसाचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावयाचा?

शिळ्या अन्नाचा तोडगा खऱ्या उन्हाळ्यात चालतही नाही. त्या उष्म्यात रात्रीचा भात सकाळपर्यंत विटतो. शीतलासप्तमीनंतर शिळे खाऊ नये, असे पुष्कळ घरी मानतात ते शहाणपणाचेच आहे. मग उरते ते न शिजविलेले अन्न, आणि त्याची वाण आपल्याकडे मुळीच नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण काय देतो? चार-पाच तास भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, तीत किसलेली कैरी, ओले खोबरे, मीठ व चवीपुरती साखर. सोबत भिजविलेले हरभरे, काकडी, कलिंगड. रामनवमीला कानडी देवळांत गूळ, सुंठ, वेलची घातलेले पानक आणि भिजल्या मुगाच्या डाळीची कोसंबरी प्रसाद म्हणून मिळते. कोकणातले दडपे पोहे नारळाच्या ओलाव्यानेच मऊ होतात. सोलकढीला तर विस्तव ठाऊकच नाही. देवाला जे पूर्णान्न म्हणून पोचते, ते यजमानाला अपुरे का वाटावे? (डाळीवर फोडणी लागते, हा आक्षेप आम्ही मान्य करतो. उन्हाळी सुटीतला न्यायाधीश तातडीचे तेवढे ऐकतो. फोडणीपुरता विस्तव त्यातलाच.)

गरम वाढणे हीच माया, असे आपल्या घरांतून मानले जाते. आजारी माणसाला, लहान मुलाला ऊन-ऊन वरणभात हवाच, त्याविषयी वाद नाही. परंतु धडधाकट माणूस भर दुपारी फुलका तव्यावरून थेट पानात मागतो, तेव्हा तो मायेची नव्हे, हक्काची भाषा बोलत असतो. आणि त्या हक्काची किंमत दुसरे कोणी घाम गाळून चुकविते. इंदूर खंडपीठाला उन्हाळी सुटी असते. ती घेताना आम्हां वकिलांपैकी कोणासही आपण कर्तव्यात कसूर केली असे वाटल्याचे ऐकिवात नाही. घरी मात्र एखाद्या संध्याकाळी दहीपोहे पुढे आले की आम्हीच विचारतो, आज स्वयंपाक नाही वाटते?

डाळ वाटण्याचेही कष्ट आहेत, हे खरे. मनूच्या त्या पाच स्थानांत पाटाही आहे. परंतु कैरी किसावयास, काकडी चोचवावयास कोणतीही दीक्षा लागत नाही. ज्या हातांनी दिवसभर कागद चाळले, त्यांना ते सहज जमते, आणि सायंकाळी माळव्याचा गार वारा सुटेपर्यंत डाळही मुरते.