आवाज कुणाच्या कानातला?

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर खेळणारी माणसं दोन गोष्टींवरून हमखास भांडतात. एक, क्षेपणास्त्राचा पल्ला. दुसरी, इंजिनाचा आवाज. पहिल्या भांडणात निदान आकडे तरी असतात. दुसऱ्यात एकजण म्हणतो, मिग-२१ चा आवाज मिक्सरसारखा केलाय. दुसरा म्हणतो, मी एअर शोला समोर उभं राहून ऐकलंय, असाच असतो. मागणी मात्र दोघांची एकच, आवाज खरा हवा. मीही त्यांच्यातलाच. दिवसा पुण्यात कोड लिहितो, रात्री ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’मध्ये मिग-२१ उडवतो आणि सुट्टीला डिंगोऱ्याला घरी येतो.

खेळातला आवाज बनतो कसा, ते आधी सांगतो. इंजिन वेगवेगळ्या फेऱ्यांवर चालवून त्याचे तुकडे रेकॉर्ड करतात. प्रत्येक तुकडा असा कापतात की तो गोल गोल वाजत राहिला तरी जोड कळू नये. थ्रॉटल पुढे गेला की एक तुकडा विरत जातो, दुसरा वर येतो. शिवाय जेट इंजिनाला दोन तोंडं असतात. पुढून कॉम्प्रेसरची शिट्टी, मागून झोताची गर्जना. म्हणजे एकाच इंजिनाचा आवाजसुद्धा तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतो. ‘खरा आवाज’ या शब्दांत इथेच पहिली फट पडते.

वैमानिक काय ऐकतो? काचेचं झाकण बंद, डोक्यावर हेल्मेट, कानावर रेडिओ. गर्जना बरीचशी मागेच राहते. उरते ती हवेची सळसळ, शरीराला जाणवणारा थरथराट आणि मास्कमधला स्वतःचा श्वास. ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’मध्ये हेल्मेटमधून ऐकल्यासारखा आवाज करायची सोय आहे, पण ती बंद ठेवणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिलेत. तो आवाज फिका वाटतो. आम्हाला खुर्ची वैमानिकाची हवी असते आणि कान एअर शोच्या प्रेक्षकाचा. असा माणूस जगात कुठेच नाही. ज्याला आम्ही वास्तव म्हणतो, ते कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

लोहगाव आणि ओझर (नाशिकचं, आमचं विघ्नहराचं नव्हे) यांच्या मधल्या पट्ट्यात आमचा तालुका येतो. लोहगावला सुखोई असतात, ओझरला त्या बनल्या. कधीतरी एखादं लढाऊ विमान डोंगराच्या कडेने निघून जातं. मी वर बघतो. आई गोठ्याकडे बघते, कारण गाय दाव्याला हिसके देते. दोघांच्या कानांवर एकच ध्वनिलहर आदळलेली असते.

यावर माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, लहर एकच ना, मग आवाज एकच. बाकी सगळं मनाचं. मला हे पटत नाही, आणि त्याला कारण बिबट्या आहे. जुन्नरमध्ये शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते आणि उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा. त्याचं उत्तम रेकॉर्डिंग महागड्या हेडफोनवर ऐका, एकही कंप्रता सुटणार नाही. पण उसाच्या कडेला तो ऐकणारा माणूस मोटारीच्या खोलीपर्यंतची पावलं मोजत असतो. ती पावलं त्या आवाजाचाच भाग आहेत. फाईलमध्ये ती येत नाहीत, कारण फाईल ऐकणाऱ्याला कुठे जायचंच नसतं.

‘अरे, खेळ आहे तो,’ असं मित्र म्हणतात. मान्य. बुद्धिबळातल्या हत्तीने चीत्कार करावा असं कुणी म्हणत नाही. पण बुद्धिबळ स्वतःला वास्तव म्हणवून घेत नाही. आमचे खेळ कॉकपिटमधला प्रत्येक खटका खरा असल्याची जाहिरात करतात, आणि तिला भुलून आम्ही पैसे मोजतो.

युद्धात तर आवाज मुद्दाम खालच्यांसाठी बनवलेलाही सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनांच्या जू-८७ श्टुका विमानांच्या चाकांच्या पायांवर वाऱ्याने फिरणारे भोंगे बसवले होते. त्यांना ‘जेरिकोचा कर्णा’ म्हणत. विमान सूर मारू लागलं की किंकाळी वाढत जाई. उडण्यासाठी त्याचा उपयोग शून्य. उलट हवेचा अडथळा वाढे, म्हणून पुढे ते काढले गेले. तो आवाज केवळ खाली पळणाऱ्यांसाठी होता. ‘इल-२ स्टुर्मोविक’मध्ये श्टुका चालवता येतं. तिथे ती किंकाळी आपण वरून ऐकतो, आणि सूर चांगला जमल्याची खूण म्हणून ऐकतो.

पण खालचा कान भीतीचाच असतो असंही नाही. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. दाबोळीची टर्मिनल इमारत वाचवायची असा हुकूम होता. दोन्ही विमानांना रोल्स-रॉइस एव्हन घराण्याचीच इंजिनं. मुक्तीची वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या गोवेकराला त्या दिवशी एव्हनच्या आवाजात जे ऐकू आलं असेल, ते धावपट्टीशेजारी झोपलेल्या एखाद्या मजुराला आलं नसेल. यातला खोटा कोणता? माझ्या मते एकही नाही. कुणाचा तरी म्हणून ऐकू येतो तोच आवाज खरा. ‘कुणाचाच नाही’ असा आवाज हवा असण्यात मात्र एक सोय आहे. त्यात कुणाची बाजू घ्यावी लागत नाही आणि खाली कुणी आहे हेही धरावं लागत नाही.

सिम्युलेटरमध्ये एफ-७ दाबलं की कॅमेरा जमिनीवरच्या वाहनांपाशी जातो. आपलीच मोहीम तिथून पुन्हा बघता येते. मी बघितली, आणि मग कागदावर हिशेब मांडला. विमान ताशी ९०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५० मीटरने, खालून येतंय. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीन किलोमीटरवर असताना विमानाने केलेला आवाज माझ्यापर्यंत यायला ८.८ सेकंद लागतात, विमानाला १२. मधे उरतात तीन सेकंद. वर बसून जे इंजिन मी रात्री तासभर ऐकतो, ते खाली इतकंच आधी ऐकू येतं. मी घरी ओट्यावर बसून मोजून पाहिलं. तीन सेकंदांत दारापर्यंत पोचता येतं. गोठ्यापर्यंत नाही.