पगारपत्रकातल्या ओळी

२०१५ च्या मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपायला आठ दिवस उरले असताना, मी एक विमा पॉलिसी घेतली. वर्षाला ४० हजारांचा हप्ता, मुदत वीस वर्षे. कारण एकच होते, टॅक्स वाचवायचा होता. ऑफिसने गुंतवणुकीचे पुरावे मागवले होते. ओळखीचे एजंट दुपारी आले आणि फॉर्म भरून घेऊन गेले. विमा किती रकमेचा आहे हेही मी सही करताना नीट पाहिले नाही.

सात हप्ते भरून झाल्यावर, २०२१ मध्ये जुनी कागदपत्रे लावताना, त्या पहिल्या वर्षाचा हिशेब मी प्रथमच स्वतः मांडला. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी ७२ हजार, गृहकर्जाच्या हप्त्यांतले मुद्दल ४८ हजार, मुलीच्या शाळेची ट्यूशन फी ३६ हजार. बेरीज १ लाख ५६ हजार. कलम ८०सीची मर्यादा दीड लाखाची. म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच ती भरून वाहत होती आणि त्या ४० हजारांनी माझा एक रुपयाही कर वाचवला नव्हता. पुढच्या वर्षांत फंड आणि मुद्दल दोन्ही वाढत गेले, त्यामुळे नंतरच्या सहा हप्त्यांनीही नाही. एजंटाला दोष देऊन भागत नाही. फंडाचा आकडा माझ्याच पगारपत्रकावर दर महिन्याला छापून येत होता.

आपल्या पगारदार मध्यमवर्गाने कर या शब्दाला 'वाचवणे' हे एकच क्रियापद जोडून ठेवले आहे. कर समजून घेणे, तपासणे, त्याबद्दल जाब विचारणे ही क्रियापदे त्याच्याजवळ फिरकत नाहीत. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर फेब्रुवारीत ते पोस्टात जाऊन राष्ट्रीय बचतपत्रे घेत. घेतली ती सवलतीसाठीच, पण आत्याचे लग्न आणि घरावरचा स्लॅब त्याच पैशांतून झाला. सवलतींनी एका पिढीला बचतीची शिस्त लावली, हे मला मान्य आहे. मात्र त्याच सवलतींनी आपले लक्ष वजावटीवर खिळवून ठेवले आणि कर नावाची मूळ गोष्ट नजरेआड गेली. रिफंड जमा झाला की आपण लॉटरी लागल्यासारखे खूश होतो. ते आपलेच, गरजेपेक्षा जास्त कापले गेलेले पैसे असतात. त्यावर मिळणारे व्याज पुन्हा करपात्र असते, हे तर कित्येकांच्या गावीही नसते.

या अज्ञानाचा सगळ्यात जुना नमुना म्हणजे 'पगार वाढला की वरच्या स्लॅबमध्ये जाऊ आणि हातात कमी पडेल' ही भीती. टप्पा ओलांडला तरी वाढीव दर फक्त ओलांडलेल्या रकमेवर लागतो, खालच्या रकमेवर नाही. त्यामुळे ही भीती बहुतेक ठिकाणी खोटी आहे. पण एका अरुंद पट्ट्यात ती खरी ठरते, आणि ते हिशेब केल्याशिवाय कळत नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखे वेगळ्या दराचे उत्पन्न सोडल्यास, कर शून्य. तेच उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर टप्प्यांप्रमाणे ६१,५०० रुपये कर येतो. सीमांत सवलत तो १० हजारांवर आणते आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे आणखी ४०० रुपये. दहा हजारांच्या वाढीवर १०,४०० कर! साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत जवळजवळ सगळी वाढ अशी करातच जाते. पगारवाढीची बोलणी करणाऱ्याने हा पट्टा माहीत करून घ्यायलाच हवा.

'जुनी पद्धत की नवी' हा वादही असाच ऐकीव माहितीवर चालतो. १५ लाख पगार धरा. नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उपकरासह कर ९७,५०० रुपये होतो. जुन्या पद्धतीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०सीचे पूर्ण दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे पूर्ण दोन लाख घेऊनही तो १,४८,२०० होतो. या पगाराला जुनी पद्धत परवडायची तर एकूण वजावट ५ लाख ९४ हजारांच्या आसपास हवी. मोठे घरभाडे भरणाऱ्याला तिथवर जाता येते, इतरांना सहसा नाही. कागदावर वीस मिनिटांचे काम आहे हे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमे ८१९ वरून ५३६ वर आली आणि 'आकारणी वर्ष' जाऊन सरळ 'कर वर्ष' आले. आपला हिशेब मात्र तो कायदा करून देणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत पुण्यात नोकरीला लागलेल्या माझ्या मुलीने पगारपत्रक पुढे केले. "बाबा, व्यवसाय कर दर महिन्याला दोनशे कापतात, या वेळी तीनशे का?" अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० मिळून वर्षाचे २,५०० होतात. संविधानाच्या कलम २७६ ने या कराला घातलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे.

पण मला तिला दुसरेच काही सांगायचे होते. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या या योजनेला बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कर घ्यायचा, राज्याने तेवढीच भर घालायची आणि मागेल त्याला काम द्यायचे, असा तो करार होता. तिची पणजी माण तालुक्यात पाझर तलावाच्या बांधावर मातीच्या पाट्या टाकायला जायची. हजेरीपटावर अंगठा उठवून घेतलेल्या तिच्या मजुरीत मुंबई-पुण्यातल्या कुणाकुणाच्या पगारातले चार पैसे होते. त्या बांधावर आजही गुरे चरतात.

मुलीने पगारपत्रकातल्या खालच्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हा टीडीएस?" तो आकडा कसा आला, ते मी तिला कागदावर मांडून दाखवले. तो कुठे गेला हे सांगायला माझ्याकडे पाझर तलाव नव्हता.