बागेतील कबर

शास्त्रपाठ : उत्पत्ती २३:१७-२०, योहान १९:४१-४२, २०:११-१८



पुनरुत्थानाच्या पहाटे मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी होती. तिने मागे वळून पाहिले तो प्रभू तिच्यासमोर उभा. पण तिला तो माळी वाटला. ही तिची चूक समजून आपण पुढे वाचू लागतो. परंतु योहानाने आदल्याच अध्यायात एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जेथे प्रभूला वधस्तंभावर खिळले तेथे एक बाग होती, आणि त्या बागेतच ती नवी कबर होती. मृत्यूवर जय मिळवलेल्या तारणाऱ्याचे पहिले दर्शन झाडाझुडपांच्या सान्निध्यात घडले. आपल्या कबरस्तानांकडे पाहताना हे आपण विसरतो.

याहून जुनी साक्ष उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सारा मरण पावली तेव्हा परदेशी अब्राहामाजवळ तिला पुरण्यापुरतीही जमीन नव्हती. त्याने एफ्रोन हित्तीला चारशे शेकेल रुपे तोलून दिले आणि मकपेलाचे शेत विकत घेतले. त्या व्यवहारात शेत व गुहा यांच्याबरोबर शेतातील व त्याच्या सीमेवरील झाडांचाही उल्लेख आहे. पवित्र शास्त्रातील दफनभूमीच्या या पहिल्या खरेदीत झाडांचीही नोंद झाली. आज मंडळीपुढे कबरस्तानाच्या सुधारणेचा ठराव येतो, तेव्हा झाडांची नोंद कोण घेतो?

हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष माझाही आहे. नोकरीनिमित्त मी बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीत राहतो. वडिलांची कबर गावी, अहिल्यानगर जिल्ह्यात. दरवर्षी जाणे होत नाही. कबरेवर गवत माजेल, लोक नावे ठेवतील, या विचाराने मी पैसे पाठवले आणि ती सिमेंटने बांधून वर फरशी बसवून घेतली. दोन वर्षांनी ऑक्टोबरच्या उन्हात तेथे उभा राहिलो. फरशीवर हात ठेवला तर चटका बसला. शेजारी एका वृद्धेची साधी मातीची कबर होती. तिच्यावर दुर्वा पसरल्या होत्या, उशाशी रानतुळस फुलली होती आणि तिच्यावर फुलपाखरे येत-जात होती. सारा जन्म शेताच्या बांधावर घालवलेल्या माझ्या वडिलांना यांपैकी कोणती कबर आवडली असती, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

मारतहळ्ळीत परत आल्यावर ही गोष्ट मनातून जाईना. एके काळी हा शेतांचा आणि तळ्यांचा भाग होता. आज बाह्य वळण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कचेऱ्या व इमारती आहेत. जवळच्या बेळ्ळंदूर तलावाला फेब्रुवारी २०१७ मध्ये आग लागली होती. ज्या शहरात तळे पेट घेते, तेथे पाखरांनी आसऱ्याला जावे कोठे? हरिणी नागेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरातील मंदिरे, मशिदी, चर्च आणि दफनभूमी येथील झाडांचा अभ्यास केला; तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जी जागा माणसाने देवासाठी वा मृतांसाठी राखून ठेवली, तेथे शहराच्या गर्दीतही झाडे टिकून राहू शकतात.

याचे कारण साधे आहे. कबरस्तानात नांगर चालत नाही आणि इमारत उठत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, दगडांच्या फटीत पाल आणि मुंगूस आसरा घेतात, भुसभुशीत मातीत सरडा अंडी घालतो, गवताच्या बियांवर मुनियांचे थवे उतरतात. आपल्या मसाल्यात जे दगडफूल पडते त्याचे अनेक भाऊबंद जुन्या शिलालेखांवर वाढतात. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरतात. कबरेचा दगड उजळ दिसावा म्हणून तो आम्लाने धुतला, की शंभर वर्षांची वाढ एका सकाळी नष्ट होते.

मुंबईच्या शिवडी येथील ख्रिस्ती कबरस्तान १८६० च्या दशकात ज्या जमिनीवर झाले, तेथे पूर्वी अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तेथेही कबर बागेतच आली! इथिओपियातील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी आपल्या चर्चभोवतीची राने शतकानुशतके जपली. भोवतालच्या डोंगरांवरील जंगल बहुतेक तुटले, पण ही राने उरली. गुरे आत शिरू नयेत म्हणून गावकऱ्यांनी शेतांतले दगड वेचून अनेक ठिकाणी त्यांना कुंपण घातले. आपल्या महाराष्ट्रातील देवरायाही अशाच भीतीने व भक्तीने वाचल्या. मग जो सृष्टीच्या उत्पन्नकर्त्याला पिता म्हणतो, त्या ख्रिस्ती माणसाने आपल्या कुंपणाच्या आत कुऱ्हाड आणि तणनाशक का न्यावे?

कोणी म्हणतील, गवतात साप निघतात. हे खरे आहे. म्हणून वाटा आणि कबरांच्या सभोवतालची जागा अवश्य साफ ठेवावी. परंतु कुंपणालगतचा पट्टा तसाच राहू द्यावा. २ नोव्हेंबरच्या आधी किंवा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेपूर्वी साफसफाई होते, तेव्हा गवत कापावे, जाळू नये. आग गवताबरोबर अंडी, अळ्या आणि गोगलगायीही संपवते. वठलेले झाड धोक्याचे नसेल तर उभे राहू द्यावे. त्याच्या ढोलीत कोणाचे तरी घर असते. आणि कबर मातीचीच ठेवता आली तर ठेवावी. शहरात जागा अपुरी पडते आहे. मातीची कबर उद्या दुसऱ्या भावंडालाही जागा देते.

कोणी असेही म्हणतील, की गवत वाढू देणे हा मृतांचा अनादर आहे. बंधूंनो, अनादर विसरण्यात आहे, गवतात नाही. पौल प्रेषित करिंथकरांना देहाच्या पुनरुत्थानाविषयी लिहितो, तेव्हा तो जमिनीत पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो. जर्मन भाषेत दफनभूमीला देवाचे शेत असाही शब्द आहे. आपण आपल्या प्रियजनांना मातीत पेरले आहे. पेरलेल्या शेतावर कोणी फरशी घालत नाही.

पुढच्या वेळी गावी जाईन तेव्हा वडिलांच्या कबरेवरील फरशी काढून घेणार आहे. नामफलक तेवढा ठेवीन. बाकीची जागा दुर्वांची आणि त्यांच्यावर येणाऱ्या जिवांची. माझ्या गैरहजेरीत तेथे राखण करणारा माळी कोण आहे, हे मरीयेला त्या पहाटे कळले. मला ते उशिरा कळले.

प्रार्थना : हे प्रभू, तू बागेतील कबरेतून उठलास. आमच्या मृतांना तुझ्या हाती सोपवताना त्यांच्या सोबतीला तू ठेवलेल्या पाखरांची, झाडांची व लहान जिवांची काळजी घेण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.