सणाची सुट्टी कोणाची?

दरवर्षी राज्य शासन सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते, ती 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम 25 च्या आधारे. हा कायदा वचनचिठ्ठ्या, हुंड्या आणि धनादेश यांचा. मुदत भरण्याचा दिवस सुट्टीचा निघाला तर पैसे कधी द्यायचे, एवढ्यापुरताच त्याचा सुट्टीशी संबंध. पण देण्याघेण्याच्या व्यवहारासाठी केलेल्या या यादीवरून जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळाही बंद राहतात. महाराष्ट्राच्या यादीत अलीकडे दोन डझनांच्या आसपास दिवस असतात. त्यांतून प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, महाराष्ट्र दिन, गांधी जयंती, शिवजयंती आणि आंबेडकर जयंती बाजूला काढली, की उरलेले जवळजवळ सगळे दिवस धर्माशी जोडलेले आहेत. महाशिवरात्र, दोन्ही ईद, महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, पारशी नववर्ष, गुरुनानक जयंती, नाताळ. दुसरीकडे संविधानाचा अनुच्छेद 28 सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. जी शाळा धर्म शिकवू शकत नाही, तिने धर्माच्या दिवशी बंद राहावे का? माझे उत्तर ‘राहावे’ असे आहे. मात्र ती सुट्टी मुलाची असते, समाजाच्या मानाची नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. आपली सगळी गफलत तिथेच होते.

शासन सर्व धर्मांपासून दूर आहे, तर शाळेनेही कोणताच सण ओळखू नये, असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत. त्यांचा युक्तिवाद ऐकायला नेटका वाटतो, पण तसे कोरे वेळापत्रक जगात कुठे सापडत नाही. फ्रान्सइतका धर्म आणि शासन यांच्या फारकतीचा आग्रह क्वचितच कुणी धरला असेल. तिथे 1882 च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढले गेले. पण त्याच कायद्याने रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस शाळा बंद ठेवली, हेतू हा की ज्या पालकांना मुलांना धर्माचे शिक्षण द्यायचे असेल त्यांना ते शाळेबाहेर देता यावे. पुढे 2003 साली याच फारकतीवर विचार करणाऱ्या स्ताझी आयोगाने याच वृत्तीने योम किप्पूर आणि बकरी ईद या दोन दिवशी सर्व शाळांना सुट्टी असावी, अशी शिफारस केली. सरकारने त्याच आयोगाने सुचवलेली, शाळांतील धार्मिक चिन्हांवरील बंदी तेवढी 2004 च्या कायद्यात आणली, सुट्ट्यांची शिफारस सोडून दिली. नाताळ आणि ईस्टर सोमवार वेळापत्रकात होतेच, ते राहिले. म्हणजे ‘कुणाचाच सण नाही’ असे धोरण प्रत्यक्षात ‘आधीपासून असलेल्यांचेच सण’ असे होऊन बसते. आपल्याकडचा रविवारही ब्रिटिश राजवटीबरोबर आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी तो मागितला तेव्हा तो खंडोबाचा वार आहे, हेही कारण पुढे केले, आणि 10 जून 1890 रोजी ती सुट्टी मिळाली. एका धर्माचा वार दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या विश्रांतीचा दिवस झाला आणि त्याने कुणाचे काही बिघडले नाही.

तेव्हा खरा प्रश्न सुट्टी का दिली, हा आहे. अमेरिकेतल्या दोन न्यायालयांनी एकाच शुक्रवाराविषयी दोन निराळे निकाल का दिले, ते पाहण्यासारखे आहे. इलिनॉय राज्यात गुड फ्रायडेला सरकारी शाळा बंद ठेवण्याचा 1941 पासूनचा कायदा होता. एका शिक्षिकेने त्याला आव्हान दिले आणि 1995 साली अपील न्यायालयाने तो रद्द केला. त्या दिवशी शाळा चालवणे व्यर्थ ठरेल इतकी मुले गैरहजर राहतात, असे राज्याला दाखवता आले नव्हते. मेरीलँडमध्येही सुट्टी गुड फ्रायडेचीच होती, पण तिथल्या अपील न्यायालयाने 1999 साली ती टिकवली, कारण ईस्टरच्या आगेमागे वर्ग ओस पडतील हे कारण त्याला पटले. त्याच मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत मुस्लिम पालकांनी ईदची नोंद कॅलेंडरवर मागितली, तेव्हा 2014 साली शाळा मंडळाने नाताळासह सगळ्याच धार्मिक सणांची नावे काढून टाकली. सुट्ट्या मात्र त्याच दिवशी राहिल्या. पालकांच्या हातात काही पडले नाही आणि दुरावा तेवढा वाढला. न्यूयॉर्क शहराने उलट वाट धरली. तिथे 2015 पासून दोन्ही ईदना शाळा बंद राहू लागल्या आणि 1 नोव्हेंबर 2024 रोजी पहिल्यांदा दिवाळीला. तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना यापूर्वी लक्ष्मीपूजनाला घरी राहायचे तर दिवस बुडवावा लागे. घर आणि वर्ग यांतले एक निवड, असे सात वर्षांच्या मुलाला सांगण्याची वेळ शाळेने आणू नये. सणाच्या सुट्टीचा सगळा आधार एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

हा आधार महाराष्ट्राला लावून पाहिला की मुंबईतून निघणारी एकच यादी किती अपुरी आहे ते दिसते. गणेश चतुर्थीची सुट्टी राज्यभर एका दिवसाची. कोकणात मात्र चाकरमानी घरी येतात, गौरीगणपतीचे विसर्जन होईपर्यंत घरातले मूल घरातच असते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, आणि तो तर मुलांचाच सण. लाकडी बैल घेऊन ती गावभर फिरतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर होळी म्हणजे धुळवडीचा एक दिवस नव्हे. भोंगऱ्या बाजारापासून गावोगावच्या होळ्यांपर्यंत तो कितीतरी दिवसांचा काळ आहे आणि शाळेची घंटा तेव्हा रिकाम्या वर्गांवर वाजते. यावर उपाय नाही असे नाही. सुट्ट्या 76 पेक्षा जास्त होऊ नयेत आणि कामाचे किमान 230 दिवस भरावेत, असा माध्यमिक शाळांसाठीचा नियम आहे. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव, नाताळ यांसारख्या सणांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येतात, असे शिक्षण संचालनालयाची परिपत्रकेही सांगतात. जिल्हाधिकाऱ्यांना स्थानिक सुट्ट्या देता येतात, मुख्याध्यापकांच्या हातीही एकदोन दिवस असतात. दिवसांची एकूण संख्या बांधलेली आणि वाटणी गावाची, ही चौकट सुबुद्ध आहे. तिचा वापर मनापासून होत नाही, एवढेच तिचे दुखणे.

दरम्यान वरची यादी दुसऱ्याच कारणांनी वाढत जाते. सुट्टी हा समाजाला दिलेला मान मानला जातो, आणि एकाला मान मिळाला की दुसऱ्याला नाकारणे कोणत्याच सरकारला जमत नाही. सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये दादरा-नगर हवेलीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आणि अशा सुट्ट्या आधीच फार झाल्या आहेत, असेही सुनावले. या मानाची किंमत कोण मोजतो? खासगी शाळेतल्या मुलाची बुडालेली तासिका शिकवणीत भरून निघते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बंद दिवस म्हणजे त्या दिवशी खिचडीही नाही. पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. सुट्टीच्या दिवशी त्या मुलाच्या ताटात काय असते, हे अधिसूचना काढणाऱ्यांनी डोळ्यांपुढे आणावे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरलीच पाहिजे असे ठरवले, ते याच मुलांसाठी. आणि मान म्हणावा, तर तो उघड्या शाळेतच अधिक मिळतो. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, 3 जानेवारीला, सार्वजनिक सुट्टी नाही. म्हणूनच त्या दिवशी हजारो शाळांत मुली सावित्रीबाईंचा वेश करून उभ्या राहतात आणि त्यांच्याविषयी बोलतात.

सुट्ट्यांची वाटणी गावाकडे देण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला टाळायचा नाही. सुट्ट्या गावावर सोडल्या तर गावात जे अधिक तेच ठरवणार, आणि वर्गात एकटी असलेली मुस्लिम, ख्रिस्ती किंवा बौद्ध मुलगी अजूनच एकटी पडणार. ही भीती खरी आहे. हजेरीचा निकष एकट्याने पुरत नाही तो याचसाठी. प्रत्येक धर्माचे मुख्य दिवस राज्यभर बंदच असावेत, वर्गात त्या धर्माचे एक मूल असो वा एकही नसो. देशात 2011 च्या जनगणनेनुसार पारशी सत्तावन्न हजारांच्या आसपास होते, तरी त्यांचे नववर्ष आपल्या यादीत आहे आणि ते राहावे. गावाने ठरवायचे ते त्यापुढचे दिवस. आणि ज्या सणाला शाळा उघडी आहे, त्या दिवशी चाचणी ठेवायची नाही, नवा पाठ सुरू करायचा नाही, घरी राहिलेल्या मुलाची गैरहजेरी त्याच्या नावावर लावायची नाही. याला ना पैसा लागतो ना कायदा. तडजोडीची बुद्धी आपल्याकडे नाही असेही नाही. 2023 साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुस्लिम समाजाने मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि शासनाने सुट्टी 29 तारखेला हलवली. याउलट त्याच वर्षी बिहारच्या शिक्षण खात्याने कामाचे दिवस भरावेत म्हणून सणांच्या सुट्ट्या वरूनच छाटल्या आणि विरोध होताच काही दिवसांत आदेश मागे घेतला. हेतू रास्त होता, पण कुणाला विचारले नव्हते.

विचारायची जागा कायद्याने करून ठेवलेली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिच्या पहिल्या बैठकीत सुट्ट्यांचा तक्ता मांडा. आपल्या गावात कोणत्या दिवशी कोणाची मुले घरी असतात ते एकमेकांना विचारा आणि दिवस मोजून वाटून घ्या. ज्या पालकाचे घर गावात एकटेच आहे, त्याला आधी बोलू द्या.