परतीची तार

हे मनन डोळे उघडे ठेवून करायचं आहे. समोर जुनी पिकअप असेल तर उत्तमच. नसेल तर मनात आणा. टाटा मोबाइल २०६. टेल्कोने १९८८ साली बाजारात आणलेली, पुण्याच्या कारखान्यात घडलेली गाडी. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, बोनेटखाली १,९४८ सीसीचं डिझेल इंजिन. भाजीची पोती, सिमेंट, मंडपाचे बांबू, गणपती, वरात. हिच्या हौद्यातून काय गेलं नाही ते विचारा. आज ती दारात उभी आहे. सेल्फ मारला की इंजिन उठतं, पण मागचे दिवे मिणमिणतात, आणि ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो.

अजून पाना उचलू नका. एक श्वास घ्या, मग बॅटरीपाशी या.

मल्टिमीटरची लाल पिन धन टोकाला, काळी ऋण टोकाला लावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ दिसले तर ती साधारण निम्मी उतरली आहे असं समजा. आता इंजिन सुरू करा. आकडा १३.८ ते १४.४ यांच्या दरम्यान स्थिरावला, तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. उगमात खोट नाही एवढं कळलं की मनातली निम्मी गडबड शांत होते. ती होऊ द्या.

आता इंजिन बंद करा, सगळे दिवे विझवा आणि हौद्याच्या मागे जाऊन उभे राहा. घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. बघा. फक्त ब्रेकचा दिवा लागायला हवा. पण तो मंद लागतो, आणि ज्याचं बटण कुणी दाबलेलंच नाही तो टेल लॅम्पही मिणमिणतो. इंडिकेटर सुरू केला तर त्याच्या प्रत्येक उघडझापीला ब्रेकचा दिवा दचकतो. इथे बहुतेकजण म्हणतात, "वायरिंग गेलं, सगळं नवीन टाका." तुम्ही म्हणू नका. अजून थोडं बघत राहा.

या बल्बच्या काचेत दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि टेलची ५ वॅटची. येण्याच्या वाटा दोघींच्या वेगळ्या, परतण्याची वाट मात्र एकच: होल्डरच्या पत्र्यातून बॉडीत, बॉडीतून चेसिसवर, तिथून जाड पट्ट्याने बॅटरीच्या ऋण टोकाला. विजेचं पाटाच्या पाण्यासारखं नसतं. पाटाचं पाणी शेतात मुरलं तरी काम झालं. वीज मुरत नाही, तिला परत यावंच लागतं. होल्डरखालचा स्क्रू गंजला, परतीची वाट अडली, की ब्रेकचा करंट शेजारच्या ५ वॅटच्या तारेत उलटा शिरतो आणि टेलच्या वायरीतून, दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून वाट काढत घरी जातो. जाता जाता ते दिवे थोडेथोडे पेटवतो. भलताच दिवा लागतो तो यामुळे. गाडी वेडी झालेली नाही. अडलेला करंट मिळेल त्या वाटेने परततो आहे.

इथे थांबा. हे नीट मनात उतरू द्या.

दिवा मंद झाला की आपण विचारतो, "करंट येतोय का?" परतीचा प्रश्न आपल्याला सुचत नाही. माणसांच्या बाबतीतही आपलं तेच चालतं. घरातला एखादा माणूस विझल्यासारखा वागतो, भलत्याच गोष्टीवर भडकतो, आणि आपण हिशेब मांडतो: पैसे दिले, जेवण वेळेवर, काय कमी आहे याला? त्याचं म्हणणं, त्याचा थकवा, त्याची नाराजी आपल्यापर्यंत पोचायला वाट उरली आहे का, हे तपासायचं राहून जातं. असा एक माणूस आत्ता डोळ्यांपुढे आणा. काही ठरवू नका. फक्त पोचवण्याची बाजू आणि परतीची बाजू, दोन्ही एकदा नजरेखालून घाला.

पुन्हा गाडीकडे या. परतीची बाजू मोजायची कशी? काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला ठेवा, लागेल तेवढी वायर जोडा, आणि लाल पिन होल्डरच्या पत्र्याला टेकवा. दिवा विझलेला असताना मीटर शून्य दाखवेल. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. ब्रेक दाबायला सांगा आणि दिवा चालू असताना वाचा. निरोगी गाडीत आकडा शून्याला चिकटून असतो, फार तर ०.१ किंवा ०.२. तीन व्होल्ट दिसले तर बाराच्या बॅटरीतून दिव्याच्या वाट्याला नऊच उरले, आणि प्रकाश तर त्याहून कितीतरी जास्त घटतो. आतून तुटत आलेली, एका धाग्यावर तग धरलेली वायरसुद्धा भार नसताना पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. भार आला की तिचं खरं कळतं.

सापडला दोष? मग आधी ऋण टोक सुटं करा. धन टोकापासून सुरुवात केली आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी ठरलेली. गंजलेला स्क्रू काढा. वायरीच्या टोकाचा थिंबल हिरवा पडला असेल तर तो कापून नवा दाबा. पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. कसून आवळा, वरून थोडी पेट्रोलियम जेली लावा. एका वेळी एकच बदल करा, ऋण टोक परत जोडा आणि लगेच दिवा लावून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. फ्यूज उडत असेल तर त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका. उडणं हे फ्यूजचं कामच आहे; त्याला गप्प केलंत तर पुढे वायर जळते, आणि वायरीबरोबर गाडी.

आता सुट्या भागांकडे वळू. इथे सावकाशी आणखी लागते. काही भाग सोपे असतात. रिलेच्या पायांशी कोरलेले आकडे वाचा: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा, ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे. जर्मन मानकातले हे आकडे कितीतरी कंपन्यांच्या रिलेवर तेच असतात. पण रिलेच्या एका प्रकारात ३० आणि ८६ यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, म्हणून पाय मोजून भागत नाही, आकडे जुळवावे लागतात. काच, रबर आणि प्लॅस्टिकचे भाग अवघड. त्यासाठी पुण्यात नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जाताना जुना भाग पिशवीत न्या, मोडका असला तरी. दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं तर तो मान हलवेल; भाग हातात दिला तर तो उलटसुलट करून बघेल आणि माळ्यावर चढेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९९१ ची सिएरा आणि १९९२ ची इस्टेट या दोन्ही गाड्या याच पिकअपच्या पायावर उभ्या राहिल्या. म्हणून शोध एका नावाशी अडकवू नका. कुणाची तरी भंगारात गेलेली सिएरा तुमची पिकअप चालवू शकते. तुमच्याकडे निघालेला, पण अजून चालणारा भागही फेकू नका. चिठ्ठी बांधून ठेवा, कुणी विचारलं तर द्या. जुन्या गाड्या अशाच जगतात: घेणारा कधीतरी देणाराही होतो म्हणून. इथेही परतीची वाट मोकळी असावी लागते.

एक काम मात्र आजच करा. गाडी नवी असो की जुनी, अंधार पडल्यावर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः मागे जाऊन बघा. तुमच्या मागून येणाऱ्याला तुम्ही थांबताय हे दिसायला हवं. ते दिसत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नका.