भिजणारा काऊ

नाशिकला पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात एक मुलगी राहायची. दिवसा अंबडच्या कारखान्यात हिशेब सांभाळायची आणि रात्री जेवणं उरकली की माळ्यावरच्या खोलीत बसून सिनेमा करायची. सिनेमा तीन मिनिटांचा आणि गोष्ट आजीकडून ऐकलेली, चिऊ-काऊची. तारेच्या सांगाड्यावर आजीच्या काळ्या लुगड्याच्या चिंध्या चिकटवून तिने काऊ बनवला होता. त्याचा पंख जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा जरासा हलवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो, म्हणजे तीन मिनिटांसाठी 2160. हे काम तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळणार नव्हते. तिला ते करावंसं वाटत होतं, एवढंच.

पाऊस आला, काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, इथपर्यंत सगळं भराभर झालं. काऊ भिजत भिजत चिऊच्या दाराशी आला आणि तिथेच घोडं अडलं. गोष्टीत चिऊ लवकर दार उघडत नाही. तिला बाळाला न्हाऊमाखू घालायचं असतं, तीट लावायची असते. आजी गोष्ट सांगायची तेव्हा काऊचं ताटकळणं तिच्या आवाजात यायचं. पडद्यावर मात्र नुसता उभा असलेला काऊ म्हणजे चिंध्यांची बाहुली. तो दाराशी उभा राहून करतो तरी काय, हे काही केल्या तिला सुचेना.

मग तिने टेबलाची जागा बदलली. नवा दिवा आणला. कथानक पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. मोबाइलवर दुसऱ्यांच्या फिल्म बघत मध्यरात्र व्हायची आणि आपलं काम आणखीच थिटं वाटायचं. घरात कोणी विचारलं, "झाली का गं फिल्म?" की ती विषय बदलायची. दिवाळी आली आणि गेली. काऊच्या डोक्यावर धूळ साचली.

खालच्या मजल्यावर एक काका राहत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता. एका रविवारी त्यांचा कॅमेऱ्याचा स्टँड परत करायला ती गेली.

"एवढ्यात झालं काम?" काकांनी विचारलं.

"नाही काका. डोकंच चालत नाही."

"डोक्याचं राहू दे. हात कधीपासून बंद आहे?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी तिला बसवलं, चहा टाकला आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची हकिकत सांगायला घेतली.

1912 साली फाळके लंडनला जाऊन चित्रपटाचं तंत्र शिकून आले. पाठोपाठ विल्यमसनचा कॅमेरा आला. मनात अख्खा चित्रपट तयार होता, पण भांडवल नव्हतं आणि ज्याने असलं काही पाहिलंच नव्हतं असा माणूस पैसे तरी कशावर देणार? तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर, थोडं थोडं करत, त्या अंकुराची वाढ टिपली. चित्रफीत भरली जेमतेम मिनिटभराची. बी फुटतंय, कोंब वर येतोय, बघता बघता वेल होतोय! ती निवडक लोकांना दाखवल्यावर कर्ज द्यायला माणसं पुढे आली. फिल्मच्या कडेची भोकं घरीच अंधारात पाडावी लागत, त्यात पत्नी सरस्वतीबाईंनी साथ दिली. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे महायुद्धामुळे पैशाचा ओघ आटला, तेव्हाही हा माणूस हातावर हात ठेवून बसला नाही. आगकाड्या हलवून त्यांची छोटी फिल्म केली.

"मोठं काम अडलं तेव्हा त्यांनी वाटाण्याएवढं काम घेतलं," काका म्हणाले. स्वयंपाकघरातल्या डब्यातून त्यांनी चार वाळके वाटाणे काढून तिच्या हातावर ठेवले. "हे पेर. रोज सकाळी कामावर जाताना याचा एक फोटो. रात्री काऊला एकदाच हलवायचं, त्याचाही एकच फोटो आणि दिवा बंद. चांगला आला की वाईट, ते महिनाभर ठरवायचं नाही."

तिने तसं केलं. सुरुवातीचे दिवस कुंडीत नुसती माती. काऊचे फोटोही तिला निर्जीवच वाटायचे, पण ठरल्याप्रमाणे ती पुसायची नाही. एक झालं, रात्री माळ्यावर जायची धास्ती गेली. एका फोटोला भिण्यासारखं काय आहे? मग एका सकाळी माती तडकलेली दिसली. दोन दिवसांनी वाकलेली हिरवी मान वर आली. हळूहळू पानं उलगडली आणि तणावे आधार शोधू लागले.

महिना संपल्यावर तिने वाटाण्याचे फोटो संगणकावर ओळीने लावून पाहिले आणि सुरुवातीच्या दिवसांपाशी ती थबकली. ज्या दिवसांत काहीच घडलं नाही असं तिला वाटलं होतं, त्या दिवसांत माती हलत होती. एक ढेकूळ किंचित उचललं गेलं होतं. एक बारीक खडा कडेला सरकला होता. तिने ते तेवढेच फोटो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले.

त्या रात्री तिने काऊला दाराशी उभं केलं आणि त्याला काही मोठं करायला लावलं नाही. काऊने एक पाय उचलून पोटाशी घेतला. चोचीवरचा थेंब ओघळेपर्यंत तसाच राहिला. मान थोडी दाराकडे गेली, परत आली. पंख फुलवून पाणी झटकलं आणि पुन्हा अंग चोरून घेतलं. दिवा बंद करायची वेळ टळून गेली तरी तिचा हात थांबला नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास फिल्म पुरी झाली. काकांच्या खोलीतल्या भिंतीवर वाड्यातल्या पोरांना ती दाखवली. काऊ दाराशी कुडकुडत उभा राहिला तशी पोरांची कुजबुज थांबली. पुढे बसलेला एक चिमुरडा न राहवून ओरडला, "अगं चिऊ, उघड ना दार! भिजतोय तो!"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "आता पुढची गोष्ट कुठली?" त्यांनी विचारलं आणि या वेळी तिने विषय बदलला नाही.

तात्पर्य: एकट्याने मनापासून काही करू पाहणाऱ्याला बहुतेक वेळा कल्पना कमी पडत नाहीत, सबंध कामाचा आकार छातीवर बसतो. सुचेल तेव्हा करू असं म्हणत बसलं की सुचणं लांबत जातं. म्हणून काम एका दिवसात मावेल एवढं लहान करावं, ते रोज करावं आणि त्याचा निकाल लगेच लावू नये. करत्या हाताच्या समोर रोज काहीतरी नवं येतं आणि अडलेली वाट बहुधा त्यातूनच सापडते.