मते उदंड, मतदान थोडे

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत फ्लॅट 42 आणि मते 43. एक मत जास्त भरते, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांचे सकाळचे मत वेगळे आणि संध्याकाळचे वेगळे. पाण्याच्या टाकीपासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत आम्हाला मत नाही असा विषय नाही. फक्त हेच मत यंत्राचे बटण दाबून द्या म्हटले, की आमची बोटे एकदम नाजूक होतात.

13 मे 2024 ला पुण्यात लोकसभेचे मतदान होते. वार सोमवार. आदल्या दिवशी रविवार आणि त्याच्याही आदल्या दिवशी दुसरा शनिवार! बँकेतल्या माणसाला हा योग म्हणजे कपिलाषष्ठीच. लोकशाहीसाठी मिळालेली सुट्टी आम्ही आंब्यांसाठी वापरायचे ठरवले. शुक्रवारी रात्री रत्नागिरीला, सासुरवाडीला निघायचे, ते सोमवारी रात्री परत.

मन जरा खात होते, म्हणून अण्णांकडे गेलो. अण्णा निवृत्त हिशेबतपासनीस.

"अरे, मतदार वीस लाखांच्या वर. छेदात वीस लाख आणि अंशात तू! गेलास काय, न गेलास काय."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गणित मनात तपासले, बरोबर होते. तरी म्हटले, "अण्णा, 1999 साली वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं. 2008 साली राजस्थानात नाथद्वाऱ्याचा उमेदवार एका मतानं हरला."

"लोकसभेत त्या दिवशी 539 मतं पडली, वीस लाख नव्हेत. आणि नाथद्वारा म्हणजे लॉटरी. कुणाला तरी लागते म्हणून तू रोज तिकीट काढतोस का?"

यावर उत्तर नव्हते. मी हलक्या मनाने घरी आलो. स्वयंपाकघरात मावशी पोळ्या लाटत होत्या.

"ताई, सोमवारी येणार न्हाई. मतदान हाय."

अण्णांकडून आणलेले ज्ञान ताजे होते. विचारले, "मावशी, एका मतानं काय होतंय हो?"

"काय व्हायचंय? पाच वर्सांत नळाला पाणी काय वाढलं न्हाई."

"मग उन्हात तास-दीड तास कशाला उभं राहायचं?"

मावशींनी पोळी उलटली. "दादा, चार घरी मला मावशी म्हनत्यात, वस्तीत पोराची आई म्हनत्यात. तिथं तो साहेब यादीवर बोट ठिवून माजं पुरं नाव मोठ्यानं वाचतो. मी म्हनते, हाय. तेवढ्यासाठी जायाचं."

मी गप्प. सहा वर्षे या बाईंच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, पण त्यांचे नाव काय ते मला ठाऊक नव्हते. मी पत्नीकडे पाहिले. ती बॅगेत टॉवेल शोधू लागली.

रत्नागिरीला गेलो, पण रविवारी रात्रीच परतलो. सासूबाईंना कारण सांगितले तेव्हा जावयाला उन्हाळा बाधला असावा, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

सोमवारी सकाळी महापालिकेच्या शाळेत गेलो. एका खोलीत आम्हा फ्लॅटवाल्यांची यादी, शेजारच्या खोलीत वस्तीची. आमच्या खोलीत पंखा फिरत होता आणि कर्मचारी जांभया देत होते. शेजारच्या खोलीची रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि तिच्यात ठेवणीतले लुगडे नेसून मावशी उभ्या होत्या. त्या दिवशी पुणे मतदारसंघात शंभरातले जेमतेम 54 मतदार आले. 2019 ला तर निम्मेही नव्हते. गडचिरोली-चिमूरमध्ये 2024 ला सुमारे 72 टक्के मतदान झाले. तिथे जंगल तुडवत जावे लागते. आमचे केंद्र मिठाईच्या दुकानाला लागून आहे.

कर्मचाऱ्याने माझे नाव मोठ्याने वाचले. त्यात वडिलांचेही नाव आले. ते जाऊन अकरा वर्षे झाली, इतक्या मोठ्याने ते नाव मधल्या काळात कुणी घेतले नव्हते. मी "हो" म्हणालो, तो आवाज मलाच जरा ओला वाटला.

मंगळवारी बँकेत कॅश मोजताना दहा रुपये कमी भरले. लाखोंच्या उलाढालीत दहा रुपये म्हणजे काय? अण्णांच्या भाषेत शून्य. तरी आम्ही दोघे रात्री आठपर्यंत शोधत बसलो. बँक बुडेल म्हणून नव्हे, हिशेबाखाली आमची सही होती म्हणून. नोट ड्रॉवरच्या फटीत सापडली, आणि अण्णांचे गणित कुठे चुकले तेही तिथेच सापडले. बेरीज-भागाकार सगळे बरोबर होते, फक्त खाते चुकले होते. त्यांनी मत नफा-तोट्याच्या खात्यात टाकले. ते हजेरीपटावर मांडायचे असते.

घरी येताना जिन्यात अण्णा भेटले. आंब्याची पेटी, कोरे बोट. म्हणाले, "या देशाचं काही खरं नाही!" हे संध्याकाळचे मत होते.

मावशींना आम्ही अजून मावशीच म्हणतो. सवय! पण नाव विचारून घेतले आहे. दर महिन्याच्या पगाराच्या पाकिटावर मी ते पूर्ण लिहितो, आणि देताना मोठ्याने वाचतो. त्या म्हणतात, "हाय."